मागच्या खोलीतल्या टीव्हीला काय जोडू?

पत्र

दादा, नमस्कार. आम्ही गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. घर जुनं, चिऱ्यांचं. पुढचा हॉल तेवढा नंतर स्लॅब घालून बांधला. चवथीच्या आधी हॉलमध्ये मोठा स्मार्ट टीव्ही घेतला आणि जुना ३२ इंची टीव्ही अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या खोलीत गेला. ती खोली माजघराच्या मागे आहे. टीव्ही साधाच, २०१५ च्या सुमाराचा. डिशचा बॉक्स त्यालाच जोडलाय. हॉलमध्ये आता सगळं वायफायवर चालतं.

अण्णा ७८ वर्षांचे. बातम्या आणि क्रिकेट ते त्यांच्या खोलीत बघतात. पण यूट्यूबवरची नाटकं, भजनं, जुनी नाट्यगीतं यासाठी हॉलमध्ये येतात, ते नेमके आमच्या मालिकांच्या वेळी. मुलाचं फुटबॉल असलं की मग विचारूच नका. म्हणून अण्णांच्या टीव्हीवरही हे सगळं दिसेल असं काहीतरी जोडायचंय.

पुतण्या म्हणतो, म्हापशात दोन हजारांत अँड्रॉइड बॉक्स मिळतो, सगळे चॅनल नि सगळे सिनेमे कायमचे फुकट. यजमान म्हणतात, नवा स्मार्ट टीव्हीच घेऊ. मुलगी फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते फायर स्टिक घे, टीव्हीच्या मागे खोचली की साध्या टीव्हीवरही यूट्यूब वगैरे दाखवणारी ती कांडी, म्हणजे सोमवारी मी होस्टेलवर नेईन, शुक्रवारी परत आणीन. नेटफ्लिक्स तिच्या मोबाइलवर १४९ रुपयांचं आहे, हॉटस्टार रिचार्जबरोबर मिळालंय, प्राइम वर्षाचं भरलेलं आहे. पाच हजारांच्या वर जायचं नाही. स्टिक घेतली तर डिश बंद करता येईल का? काय घेऊ ते स्पष्ट सांगा.

— एक वाचक, डिचोली

उत्तर

ताई, स्पष्टच सांगतो. नावाजलेल्या कंपनीची एक स्टिक घ्या, नवा टीव्ही नको, पुतण्याचा बॉक्स तर अजिबात नको. पण पाच हजार सगळेच्या सगळे स्टिकवर घालू नका. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द फायर स्टिक नाही, 'माजघराच्या मागे' हा आहे.

राउटर हॉलमध्ये, मध्ये माजघर, आणि दोन्हीकडे चिऱ्याच्या भिंती. जुन्या घरांत या भिंती दीड-दीड फूट जाड असतात, वर गिलावा. उन्हाळ्यात आत गार वाटतं ते त्यांच्यामुळेच, आणि वायफाय अडतं तेही त्यांच्यामुळेच. त्यामुळे स्टिक मागवायच्या आधी एक काम करा. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास, घरातले सगळे नेटवर असतात तेव्हा, मोबाइल घेऊन अण्णांच्या खोलीत जा आणि टीव्हीच्या मागे, जिथे स्टिक लटकणार आहे, तिथे तो धरा. दार लावून घ्या. मोबाइल डेटा बंद करा. हे विसरलात तर तुम्ही वायफाय नव्हे, गावातला मोबाइलचा टॉवर मोजाल. मग ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. ही नेटफ्लिक्सचीच मोफत साइट, उघडली की वेगाचा आकडा दाखवते. दोन-तीनदा बघा.

नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे ७२० पिक्सेलच्या चित्राला ३ एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप), १०८० ला ५ आणि त्याहून बारीक अशा ४के ला १५ लागतात. तुमचा ३२ इंची टीव्ही बहुधा एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ चा असेल. त्याला ५ पुरेसे झाले. फक्त ते सलग मिळायला हवेत. एकदा चाळीस आणि पुढच्या मिनिटाला दोन, असा आकडा नाचत असेल तर नाटक ऐन रंगात आलं की पडद्यावर गोल फिरत बसेल, आणि अण्णा उठून हॉलमध्ये येतील.

राउटर दोन नावं दाखवत असेल, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झची लहर, दुसरी २.४ ची. ५ वाली वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमते. २.४ वाली हळू, पण दोन भिंतींपलीकडे पोचते. मागच्या खोलीत दोन्ही तपासा. अनेक जुन्या घरांत तिथे २.४ च कामाला येते, आणि एचडी रेडी टीव्हीसाठी तेवढी पुरते.

आकडा बरा आला तर हा सगळा भाग सोडून पुढे जा. नाही आला, तर पहिला उपाय फुकटचा आहे. फायबर जोडणारा माणूस वायर जिथून आत आली तिथेच राउटर ठोकून जातो, हॉलच्या कोपऱ्यात, शोकेसच्या मागे. त्याला बोलावून राउटर माजघराच्या दाराच्या बाजूला, उंचावर घ्यायला सांगा. दार उघडं असलं की लहरीला भिंत फोडावी लागत नाही. एवढ्यानेच निम्मी घरं सुटतात.

तेही पुरलं नाही, तर हॉलपासून अण्णांच्या खोलीपर्यंत लॅनची, म्हणजे राउटरमधून नेट नेणारी केबल ओढा आणि तिथे दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे त्याच नेटचं वायफाय त्या खोलीत सोडायला लावा. जुना राउटर घरात पडला असेल तर तोही चालेल. केबल कॅट-६ जातीची घ्या आणि पीव्हीसीच्या पट्टीतून न्या, कारण कौलाखालून मोकळी सोडलीत तर उंदीर तिचं काय करतील ते तुम्हाला मी सांगायला नको. कौलांवरून तर नेऊच नका, तिथे माकडं आहेत. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त वायफाय एक्स्टेंडर मी सुचवत नाही. लोक तो जिथे वायफाय येत नाही तिथे लावतात. जे त्याच्यापर्यंत आलंच नाही ते तो पुढे काय देणार? लावायचाच तर माजघरात लावा, आणि तिथेही वेग बऱ्यापैकी घटेल हे धरून चाला.

आता टीव्हीच्या मागे बघू. बाहेरून चित्र आणि आवाज आत घेणारी एचडीएमआयची दोन भोकं आहेत असं मी धरून चालतो, २०१५ च्या ३२ इंचीत ती साधारण असतातच. एकात डिश, दुसऱ्यात स्टिक. एकच असेल तर एकाची दोन भोकं करणारा स्विच मिळतो, पण मग अण्णांना आणखी एक बटण शिकावं लागेल. टीव्ही भिंतीला अगदी चिकटून असेल आणि स्टिक आत मावत नसेल, तर खोक्यात वीतभर लांबीची एक्स्टेंशनची वायर येते ती वापरा. तिने स्टिकला हवा लागते आणि वायफायही थोडं बरं पकडतं, कारण टीव्हीची धातूची पाठ मध्ये येत नाही.

तिथेच शेजारी यूएसबीचं भोक दिसेल आणि स्टिकची वायर त्यात खोचायचा मोह होईल. भोकाखाली बारीक अक्षरात ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. स्टिकबरोबर येणारा ॲडॉप्टर १ अँपिअरचा असतो. अर्ध्या पोटावर स्टिक सुरू होते, पण मध्येच बंद पडते, परत सुरू होते, आणि लोक म्हणतात स्टिकच खराब निघाली. शिवाय टीव्ही बंद केला की यूएसबीचा करंटही जातो, म्हणजे दर वेळी स्टिक पहिल्यापासून उठायची वाट बघा. खोक्यातला ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटलाच लावा.

पुतण्याच्या बॉक्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला सारखा येतो. गुगलने प्रमाणित केलेला अँड्रॉइड टीव्ही आणि कुणीही उचलून बसवलेला मोबाइलचा अँड्रॉइड यांत फरक आहे. हे निनावी बॉक्स दुसऱ्या जातीचे असतात. नेटफ्लिक्स त्यांना ओळखतच नाही. चाललं तरी मोबाइलचं ॲप चालतं, चित्र ४८० पिक्सेलचं, आणि रिमोटऐवजी माउसचा बाण फिरवत बसायचं. ७८ वर्षांच्या माणसाच्या हातात ते द्यायचं?

चित्र एकवेळ सहन होईल. त्याहून वाईट आतमध्ये असतं. 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या घातक सॉफ्टवेअरबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला आणि जुलैमध्ये गुगलने ते चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. गुगलच्या म्हणण्याप्रमाणे अशी १ कोटीहून जास्त अप्रमाणित उपकरणं पोखरली गेली होती, आणि त्यांत टीव्ही बॉक्सच मोठ्या संख्येने होते. काहींत हे विष दुकानात येण्याआधीच भरलेलं असतं. असा बॉक्स दिवसभर तुमच्या वायफायवर बसून तुमच्या नावाने दुसऱ्याचे उद्योग करतो, खोट्या जाहिरातींवर क्लिक करतो, परक्या माणसाला तुमच्या जोडणीतून वाट करून देतो. त्याच वायफायवर तुमच्या यजमानांच्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे. आणि 'कायमचे फुकट चॅनल' म्हणजे चोरून दाखवलेले चॅनल. ते महिना-दोन महिन्यांत बंद पडतात, मग दुकानदार नव्या लिंकचे पैसे मागतो. म्हापशाच्या बाजारातून दुसरं काहीही आणा, हे नको.

यजमानांचं म्हणणं तसं चुकीचं नाही, पण वेळ चुकीची आहे. टीव्हीचं पॅनल दहा-बारा वर्षं टिकतं. त्याच्या आतली स्मार्ट बाजू मात्र चार-पाच वर्षांत म्हातारी होते. सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून बंदच झालं, टीव्ही मात्र ठणठणीत होते. दहा हजारांच्या आतल्या स्मार्ट टीव्हींत आतला चिप इतका बेताचा असतो की वर्षभरात बटण दाबलं की वाट बघत बसायची. अण्णांचा टीव्ही चित्र स्वच्छ दाखवतोय ना? मग त्याला राहू द्या. पुढे तो गेलाच तर स्टिक काढून नव्याला लावता येईल.

आता कुठली स्टिक. आपल्याकडे खरी निवड दोन घराण्यांत आहे, ॲमेझॉनची फायर टीव्ही आणि गुगल टीव्ही या प्रणालीवर चालणाऱ्या शाओमीसारख्या कंपन्यांच्या स्टिक. ॲपलचा बॉक्स उत्तम आहे, पण त्याची किंमत चौदा हजार नऊशेपासून सुरू होते, तेव्हा तो विषय इथेच संपला. गुगलने क्रोमकास्ट या टीव्हीला जोडायच्या स्वतःच्या उपकरणाचं उत्पादन ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे जगभर अचानक बंद पडले होते. पुढे ते दुरुस्त झालं, पण कुणी जुना क्रोमकास्ट स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याला रिमोटही नसतो, सगळं फोनवरून करावं लागतं.

या दोन घराण्यांचं आपसातलं भांडणही एकदा ग्राहकांच्या अंगावर आलं होतं. २०१८ च्या सुरुवातीला गुगलने फायर टीव्हीवरून यूट्यूबच काढून घेतलं, ते जुलै २०१९ मध्ये परत आलं. आता दोन्हीकडे सगळं मिळतं: यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह. त्यामुळे ॲपवरून निवडायला फारसं उरलेलं नाही. पहिल्या पडद्यावर दोघंही जाहिराती मारतात. ॲमेझॉन आपल्या प्राइमचं घोडं पुढे दामटतं. गुगल टीव्हीत फक्त ॲपच दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकणं तिथे जास्त सुटसुटीत आहे.

तरीही तुमच्या घरासाठी माझं मत फायर टीव्हीकडे झुकतं, आणि त्याचं कारण रिमोट. तिच्या रिमोटवर टीव्हीचंच पॉवर आणि आवाजाचं बटण असतं. आधी मिळणाऱ्या 'लाइट' मॉडेलवर ती बटणं नव्हती, कुठे शिल्लक माल दिसला तर तो टाळा. शाओमी किंवा दुसरी कुठली घेणार असाल तर त्याच रिमोटने तुमच्या टीव्हीचा आवाज कमी-जास्त होतो का, हे दुकानदाराला विचारून, खोक्यावर वाचून घ्या. अण्णांच्या हातात एक रिमोट टीव्हीचा, एक डिशचा, एक स्टिकचा असे तीन दिलेत तर ते तिन्ही उशीखाली ठेवतील आणि हॉलमध्ये येतील.

४के घ्यायची का? टीव्ही ४के नाही, त्यामुळे चित्रासाठी गरज नाही. पण रॅमसाठी, म्हणजे स्टिकच्या कामापुरत्या स्मरणशक्तीसाठी विचार करा. साध्या एचडी स्टिकमध्ये १ जीबी रॅम असते, ४के आणि त्यावरच्या मॉडेलमध्ये २ जीबी. बटण दाबल्यावर लगेच हलणं आणि दोन क्षण थांबून हलणं यातला फरक तिथे पडतो. वयस्क माणूस लगेच काही झालं नाही की तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि भलतीकडेच जाऊन पोचतो. मात्र नुसतं '४के' नाव वाचून घेऊ नका. 'फोर-के सिलेक्ट' नावाची नवी स्टिक आहे, तिच्यात रॅम १ जीबीच आहे. खोक्यावर २ जीबी शोधा. सेलमध्ये फरक हजार-पंधराशेचा असेल तर २ जीबीची घ्या. जास्त असेल किंवा केबल ओढायला पैसे लागणार असतील, तर साधी एचडी घ्या आणि केबल ओढा. चांगल्या वायफायवरची साधी स्टिक वाईट वायफायवरच्या महागड्या स्टिकपेक्षा बरी चालते.

हे सगळं करण्याआधी माळ्यावर किंवा कपाटात एकदा बघा. फायबरच्या काही प्लॅनबरोबर कंपन्या सेट-टॉप बॉक्स देतात. स्मार्ट टीव्ही असल्यामुळे लोक तो उघडतही नाहीत. तुमच्याकडे असा बॉक्स पडला असेल तर आधी तोच लावून बघा. फुकटात भागलं तर भागलं. जोडणी बदललीत की तो परत द्यावा लागतो, एवढंच लक्षात ठेवा.

पैशाचा खरा घोळ तुमच्या वर्गण्यांत आहे. नेटफ्लिक्सचा १४९ वाला प्लॅन फक्त मोबाइल आणि टॅबलेटसाठी असतो. कितीही भारी स्टिक लावलीत तरी तो टीव्हीवर उघडणार नाही. टीव्हीसाठी निदान १९९ चा लागतो, त्यात एका वेळी एकच पडदा, ७२० पिक्सेल. दोन पडदे एकदम हवे तर ४९९ चा. माझं ऐकाल तर अण्णांच्या टीव्हीवर नेटफ्लिक्स टाकूच नका. त्यांना ते नकोय, आणि मुलगी मोबाइलवर बघतेच आहे. हॉटस्टारही रिचार्जबरोबर आलेलं बहुतेकदा मोबाइलपुरतं असतं. ॲपमध्ये वर्गणीच्या पानावर 'मोबाइल' असं लिहिलंय का ते बघा. प्राइमचं तसं नाही, ते टीव्हीवर चालतं, पण जानेवारी २०२५ पासून एका खात्यावर जास्तीत जास्त दोनच टीव्ही. हॉलचा एक, अण्णांचा एक, तुमचे दोन भरले. पुण्याच्या भावाकडे तुमचं खातं चालू असेल तर काय ते आताच ठरवा.

अण्णांना लागणारं मात्र जवळपास सगळं फुकट आहे. प्रसार भारतीचं 'वेव्हज्' हे ॲपही त्यांच्या कामाचं, दूरदर्शनचा जुना साठा त्यावर आहे. ते तर गोव्यातल्या आपल्या इफ्फी चित्रपट महोत्सवातच, २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सुरू झालं. स्टिकवर ते सापडलं तर टाका, नाही तर यूट्यूबवर भागेल.

यूट्यूबचंच थोडं नीट लावून द्यावं लागेल. टीव्हीच्या पडद्यावर बाण सरकवत एकेक अक्षर टाइप करणं तरुणालाही वैताग आणतं. दोन सोप्या वाटा आहेत. एक, रिमोटवरचं माइकचं बटण दाबून ठेवायचं आणि 'जितेंद्र अभिषेकी नाट्यसंगीत' एवढंच बोलायचं. मंगेशीच्या या गायकाचं नाव यंत्राला पहिल्यांदाच कळेल असं नाही, पण सावकाश उच्चारलं की बहुतेक वेळा जमतं. दुसरी वाट जास्त खात्रीची. अण्णांसाठी यूट्यूबवर वेगळं खातं करा, हॉलच्या टीव्हीचं लावू नका, नाहीतर मुलाचे फुटबॉलचे गोल आणि तुमच्या रेसिपी त्यांच्या पडद्यावर येतील. त्या खात्यात त्यांच्या आवडीची नाटकं, भजनं यांच्या याद्या मुलीला करायला सांगा. ती होस्टेलवर बसूनही त्या याद्यांत नवं टाकू शकते, ते इथे अण्णांच्या टीव्हीवर आपोआप दिसतं. ही सोय लोकांना माहीतच नसते. आणि 'ऑटोप्ले' बंद करा. नाटक संपल्यावर ते स्वतःहून काय लावेल याचा नेम नाही. रात्री अण्णांना झोप लागली की पहाटेपर्यंत चालूच राहतं, ते वेगळं.

डिशवरून स्टिकवर कसं जायचं, हा पुढचा अडथळा. तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' ही सोय शोधा. प्रत्येक कंपनीने तिला आपलं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटवरचं घराचं चित्र असलेलं बटण दाबताच टीव्ही आपणहून स्टिककडे वळतो. डिशकडे परत यायला मात्र टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स' बटण लागेल. त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या.

डिश बंद करू नका, निदान एवढ्यात नको. बातम्या आणि क्रिकेट अण्णा आता दोन बटणांत लावतात, आकडा पाठ आहे. स्टिकवर त्याच बातमीसाठी ॲप शोधा, उघडा, जाहिरात बघा, असं करावं लागेल. शिवाय नेटवरून येणारा सामना डिशच्या मागे असतो, कधी कधी अर्धं मिनिटही. विकेट पडली की शेजारच्या घरातून आधी ओरड येते आणि आपला बॉलर अजून धावतोच आहे. अण्णा अण्णांच्या खोलीत डिशवर, तुम्ही हॉलमध्ये नेटवर, तर विकेटची बातमी अण्णाच तुम्हाला देतील. त्यांना ते आवडेलही. पॅकेज मात्र छाटा. ते बघतात ते चॅनल ठेवा, बाकीचे काढून टाका. पुढे कधी महिन्याचे पैसे अगदीच नको वाटले तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. ती २००४ पासून चालू आहे, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की दरमहा काही द्यावं लागत नाही, आणि सह्याद्री वाहिनी त्यावर येते. पण त्यांच्या आवडीचं सगळंच तिथे मिळणार नाही.

वीज हा तुमच्या भागातला वेगळाच विषय आहे. मे महिन्याच्या शेवटी आणि परत ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की टीव्हीचं, डिशचं आणि राउटरचं प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. फायबरची वायर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण डिशची वायर तांब्याची आणि छपरावर, आणि लॅनची केबल ओढलीत तर तीही तांब्याचीच, दोन्ही टोकांना काढा. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी जरूर लावा, रोजच्या कमी-जास्त दाबाला ती उपयोगी पडते. घरावर वीज पडली तर तिचं काही चालत नाही.

राहता राहिली मुलगी. स्टिक दर सोमवारी फर्मागुढीला जाणार असेल तर अण्णांच्या वाट्याला ती आठवड्यातून दोन दिवस येते, आणि त्याच दोन दिवशी तुमच्या मालिका कमी असतात. शिवाय होस्टेलचं वायफाय लॉगिनचं पान दाखवणारं असेल तर तिथे दर वेळी खटपट, घरी परत आली की पुन्हा घरचा पासवर्ड, आणि एखाद्या शुक्रवारी ॲडॉप्टर होस्टेलवर राहिला की शनिवारी अण्णा हॉलमध्ये. ती स्टिक टीव्हीच्या मागेच राहू द्या. मुलीला तिची वेगळी हवी असेल तर तिच्या वाढदिवसाला घ्या, तोपर्यंत तिच्याकडे लॅपटॉप आहेच.